बाद नोंदी

यंत्र चालू ठेवून बाहेर आले तेव्हा
रात्रीचे अकरा, आणि ऊन होतं.
सूर्य बर्फाच्या कडेकडेनं निघालेला,
देवळाला कुणी उलटी प्रदक्षिणा घालावी तसा.

यंत्राच्या पोटात निळा, हिरवा, तांबडा उजेड
हवेच्या एकेका घोटावर पडतो.
बाजूला किती सांडला, तेवढंच ते सांगतं,
आणि सांडलेल्या उजेडावरून
आपण ओळखायचं, हवेत कण किती.
आई सांडलेल्या पिठावरून
गिरणीवाला ओळखायची.

शेजारच्या नळीत फिल्टर, बांगडीच्या आतला गोल जेवढा.
सहा दिवस हवा त्यातून जाते.
सातव्या दिवशी चिमट्यानं काढते, तेव्हा
कोरा कोणता, वापरलेला कोणता,
हे डबीवरच्या नंबरावरूनच कळतं.

फोन लागला की अण्णा विचारायचे,
"काय करायलीस?"
"हवा मोजायले."
"काय हाय तिथल्या हवेत?"
"जवळपास काहीच नाही. तेच मोजायले."
ते गप्प.
लाइन कटली असं वाटेपर्यंत गप्प.
मग, "पगार वेळेवर देतेत ना?"

अण्णा म्हणजे मुंजाजी किसनराव गित्ते,
परळी थर्मल, राख विभाग, एकतीस वर्षं.
आमच्याकडं दोरीवरचे कपडे काढताना झटकायचे,
घडी घालताना पुन्हा झटकायचे.
अंगणातल्या पत्र्याच्या पेटीवर बोटानं लिहिता यायचं.
लिहायला मी तिथंच शिकले म्हटलं तर खोटं होईल,
पण 'ण' तिथंच जमला.

बर्फावर एक नियम होता.
स्टेशनचा जनरेटर आग्नेयेला.
वारा त्या अंगानं आला
की तेवढ्या तासांच्या नोंदी बाद.
तो आपला धूर, जगाचा नव्हे.
मी पडद्यावर तेवढा तुकडा निवडायची, लाल करायची,
काढून टाकायची.
हात बसला होता.
बर्फ वितळवून पाणी केलं त्या विजेचा धूर,
खिचडी शिजली त्या विजेचा,
अण्णांचा आवाज आला त्याही विजेचा.
वर्षाअखेरी आलेख निघाला स्वच्छ,
त्यात आम्ही कुणीच नव्हतो.

परत आले. हातात मावणारं सूर्यमापक घेऊन
गच्चीवर चढले. मागं अण्णा,
चार पायऱ्या, थांबा,
चार पायऱ्या, थांबा.
दुपारचे दोन, आणि सूर्याकडं
उघड्या डोळ्यांनी बघवत होतं.
बटण दाबलं. आकडा आला.
"लै हाय का?"
"हाय."
"वारं थर्मलकडचं हाय आज," अण्णा म्हणाले,
पाहुण्यांसमोर पोर रडावं
तशा आवाजात.

वही उघडली. सवयीनं दिशेचा रकाना आधी.
थर्मलकडचा वारा, म्हणजे नोंद बाद?
मग बाद करत जायचं तर
लातूरच्या होस्टेलची फी बाद,
क्वार्टरमधली ट्यूबलाइट, तिच्याखालची माझी बीजगणितं,
आईचा नेब्युलायझर, तोही विजेवरच चालायचा,
पेटीवरचा तो 'ण'.
पेन तसंच धरून उभी राहिले.

तेवढ्यात अण्णांनी यंत्र हातातून घेतलं.
"काचेवर बसलंय की बाई हे,"
आणि सदऱ्याचं टोक.
असं पुसायचं नसतं, चरे पडतात,
त्याचं वेगळं कापड असतं, वेगळं द्रव असतं,
मी म्हणणार होते.
त्यांनी पुसलं, वर फुंकर घातली, खोकले,
"बघ आता."

आकडा उतरला. अगदी शेवटच्या घरात,
एकानं.
"उतरला?"
"उतरला."
"मग," अण्णा म्हणाले, आणि पायऱ्यांकडं वळले.

दोन्ही आकडे लिहिले, खाली-वर.
वारा: थर्मलकडून.
शेऱ्याच्या रकान्यात:
काच पुसली,
मुं. कि. गित्ते.